बाळाच्या नावाविषयी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

बाळाचं नाव स्तेफन ठेवताय हे वाचून फार आनंद झाला. राजांचं नाव म्हणून आजीला ते पसंत पडलं, असं तू लिहिलंस. या नावाचे राजे पुष्कळ झाले, हे खरंच. पण माझं ऐकशील तर त्यांच्याकडे बघून ठेवू नकोस.

बायबलमधल्या पहिल्या स्तेफनचं काम काय होतं? यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावललं जायचं. ते नीट बघायला सात जण नेमले, त्यांत पहिलं नाव त्याचं. पुढे न्यायसभेसमोर तो निर्भीडपणे बोलला आणि लोकांनी त्याला शहराबाहेर नेऊन दगडमार केला. दगड मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं काढून शौल नावाच्या तरुणाच्या पायांशी ठेवली होती. तोच पुढचा प्रेषित पौल! आणि स्तेफनने गुडघे टेकून त्या मारेकऱ्यांसाठीच प्रार्थना केली.

आता राजे बघ. हंगेरीचा पहिला राजा इश्तवान, म्हणजे स्तेफनच. १०८३ मध्ये त्याला संत ठरवलं. पण गादीवर हक्क सांगणाऱ्या नातलगाच्या प्रेताचे त्याने चार तुकडे करवले. सर्बियाच्या नेमान्यिच घराण्यात तर हे नाव पदवीसारखंच चालायचं. स्तेफन मिलुतिनने बंडखोर मुलाचे, म्हणजे दुसऱ्या स्तेफनचे, डोळे काढण्याचा हुकूम दिला. तो मुलगा पुढे राजा झाला, तर १३३१ मध्ये त्याच्याच मुलाने, स्तेफन दुशानने, त्याला पदच्युत केलं. बाप कैदेत मेला, मुलगा १३४६ मध्ये सम्राट झाला. आजोबा, बाप, नातू, तिघेही स्तेफन! वाचताना जीव कासावीस होतो रे.

मला आवडतो तो स्टीफन लँग्टन, कँटरबरीचा आर्चबिशप. राजा जॉनने त्याला कित्येक वर्षं इंग्लंडात पाऊल ठेवू दिलं नाही. तरी १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या सनदेच्या वेळी राजा आणि सरदारांमध्ये तोच मध्यस्थ होता. बायबलचे आजचे अध्याय पाडण्याचं श्रेयही त्यालाच देतात.

आजीला बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा सहावा अध्याय जरूर वाचून दाखव. सातव्यात पहिल्या स्तेफनचं मरण आहे, विधवांची ताटं सहाव्यात आहेत. त्याचा सण २६ डिसेंबरला, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी. बाप्तिस्मा तेव्हा ठेवता येतो का, ते फादरना विचार आणि मला लगेच कळव.

तुझाच,
जिवलग मित्र