घरची अडचण

स्विंडन, इंग्लंड, 21 सप्टेंबर 2025

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

एका घरात राहून बाप पत्र लिहितो म्हणून हसशील. पण चवथ झाल्यापासून आपण एकमेकांना दिसतो ते किचनच्या दारात. तू ड्युटीवरून आत येतेस आणि मी गोदामाच्या नाईटला बाहेर पडतो. तेवढ्यात काय बोलणार? घरी आपण कोंकणी बोलतो, पण कागद पुढे घेतला की माझ्या हातून मराठीच उतरते. साखळीच्या शाळेत गुरुजींनी हात तसाच वळवून ठेवलाय. चौथीपर्यंत तूही त्याच बाकांवर होतीस, तेव्हा वाचता येईल. अक्षर लागलं नाही तर आईला विचारू नकोस, मला विचार. हे तिला दाखवायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

गुरुवारी तू लॅपटॉप उघडा टाकून झोपलीस. चार्जर लावायला गेलो आणि स्क्रीनवरचं वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. युकासच्या, म्हणजे इथल्या विद्यापीठांच्या प्रवेशाच्या अर्जात तू लिहिलं होतंस की 2019 मध्ये घरच्या अडचणीमुळे तुला ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी, अर्धवट सोडावी लागली. ती एक ओळ उभ्या उभ्या चारदा वाचली. इंग्रजी कळलं नाही म्हणून नव्हे.

बाय, अडचण नव्हती.

आईचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं आणि जूनमध्ये ती पुन्हा कामावर होती. घर चालत होतं, ओढाताणीनं का होईना. त्याच जूनमध्ये तू शाळेतून एक पत्रक घेऊन आलीस. विद्यापीठाची फी वर्षाला 9,250 पौंड आणि त्यासाठी मिळणारं कर्ज. तू सहज म्हणालीस, मेडिसिन पाच वर्षांचं असतं. मी मनात गुणाकार केला आणि त्या रात्री कामावर दोनदा चुकीच्या पेट्या चुकीच्या पिंजऱ्यात भरल्या. सकाळी येऊन तुला सांगितलं की आईला झेपत नाही, एक वर्ष थांब, काहीतरी काम बघ. आईचं नाव मी पुढे केलं. तू सतरा वर्षांची होतीस, काही बोलली नाहीस. त्या एका वर्षाची सहा झाली.

मला भीती होती ती कर्जाची, आणि ती कुठून आली हे तुला अर्धंच ठाऊक आहे. 2012 साली सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा आपला दुसरा ट्रक घेऊन जेमतेम चौदा महिने झाले होते. पहिला फिटला होता म्हणून हिंमत केली होती. डिचोलीच्या खाणीतून सारमानसच्या जेटीवर दिवसाला जितक्या खेपा होतील तितके पैसे, असा हिशेब. खेपा थांबल्या, हप्ता थांबला नाही. ट्रक दारात उभा, टायरांवर लाल माती वाळलेली, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा फोन. तुला वाटायचं पप्पा अंगणात जाऊन फोनवर बोलतो कारण घरात रेंज नाही. शेवटी ट्रक ओढून नेला तेव्हा तू शाळेत होतीस, आणि मी तुला विकला म्हणून सांगितलं. आजोबांचा पोर्तुगीज काळातला जन्मदाखला शोधून, लिस्बनला नोंद करून, पासपोर्ट हातात यायला आणखी दीड वर्ष गेलं. लोक म्हणतात गोंयकार पौंडासाठी गेला. मी पाच तारखेच्या फोनपासून पळालो.

तेव्हा कर्ज म्हटलं की मला तो उभा ट्रक दिसतो. तुझं कर्ज तसं नाही, हे समजायला सहा वर्षं लागली. या उन्हाळ्यात तू मला बसवून दाखवलंस तेव्हा मी मान हलवली, पण खरं म्हणजे दुसऱ्या दिवशी ब्रेकमध्ये कागदावर पुन्हा मांडून बघितलं. यंदा, 2025 मध्ये, फी 9,535. तुझा कोर्स सहा वर्षांचा, आधी एक तयारीचं फाउंडेशन वर्ष आणि मग पाच मेडिसिनची. त्यातली पहिली चार वर्षं फी कर्जातून, या दरानं 38,140 पौंड, शिवाय राहण्याखाण्याचं वेगळं. पाचव्या वर्षापासून फी एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, बर्सरी भरते, ती परत करायची नसते. फेड सुरू होणार ती पगार वर्षाला 25,000 च्या वर गेल्यावर, आणि तीही वरच्या रकमेतले शंभराला नऊ. पगार थांबला की हप्ताही थांबतो. चाळीस वर्षांत फिटलं नाही तर उरलेलं माफ. असं कर्ज डिचोलीच्या कुठल्या बँकेनं मला दिलं असतं तर आज मी इथे थंडीत पेट्या मोजत नसतो. व्याज चढतंच, ते मला आवडत नाही, पण पाच तारखेला फोन येत नाही ना? बस.

आता दुसरी गोष्ट. ती सांगताना जास्त लाज वाटते.

रविवारी तू फॉर्म भरता भरता विचारलंस, "पप्पा, तू म्हापशाच्या कॉलेजात दोन वर्षं होतास ना?" मी हूं म्हटलं आणि टीव्हीकडे बघत राहिलो. मी कुठल्याच कॉलेजात नव्हतो. बारावीला नापास झालो, पुन्हा बसलो, पुन्हा नापास झालो आणि मामाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. कॉलेजची गोष्ट मी आईला लग्नाआधी सांगितली आणि मग ती इतकी वर्षं चालत राहिली. आईचं तर आठवीलाच सुटलं. त्यामुळे घरातलं कुणी विद्यापीठात गेलं होतं का, या प्रश्नासमोर बिनधास्त "नाही" लिही. माझ्या फुशारकीपायी तुझा हक्काचा रकाना चुकायला नको. या फाउंडेशनच्या जागा ज्यांच्या घरात आधी कुणी शिकलेलं नाही, ज्यांचं उत्पन्न कमी आहे, ज्यांच्या भागातून फारशी मुलं विद्यापीठात जात नाहीत, अशांसाठीच ठेवल्यात म्हणतेस. मग त्या रकान्यात मी बरोब्बर बसतो. आयुष्यात पहिल्यांदा माझी नापासी कुणाच्या तरी उपयोगाला येते आहे, तर येऊ दे.

गुजरातला आत्येकडे फोन झाला तेव्हा ती म्हणाली, एक वर्ष जास्त म्हणजे कच्च्या मुलांचं वर्ष का? तुलाही आतून तसंच वाटतं हे मला माहीत आहे, कारण तू ते वर्ष सांगताना आवाज खाली करतेस. मी तिला जे सांगितलं तेच तुला. लंडनच्या किंग्ज कॉलेजनं 2001 मध्ये आणि साउथॅम्प्टननं त्याच सुमारास हे असे सहा वर्षांचे कोर्स काढले. ज्या पोरांना शिकवणीचे पैसे नव्हते, ज्यांच्या शाळेतून कुणी डॉक्टरकीला जात नाही, त्यांना थोड्या कमी ग्रेडवर आत घ्यायचं, सुरुवातीला जास्त वेळ देऊन पाया पक्का करून घ्यायचा आणि मग बाकीच्यांबरोबर त्याच वर्गात, त्याच परीक्षेला बसवायचं. शेवटी पदवी एकच. तिच्यावर "हा कमी मार्कांनी आला होता" असं कुणी छापत नाही.

तू यादी केलीस ती मी फ्रिजवर रोज बघतो. काही नावांवर तू काट मारली आहेस, कारण तिथे नुकतीच शाळा सोडलेली मुलंच लागतात, चोविशीतली चालत नाही. ते बरं केलंस, आधी वाचलंस. आपल्या लोकांतली दोन पोरं न वाचता अर्ज करून बसली आणि वर्ष घालवलं. आणखी एक तू मला सांगितलेलं मी पक्कं लक्षात ठेवलंय. फाउंडेशन वर्ष त्याच सहा वर्षांच्या कोर्सात शिवलेलं असलं तर ठरलेले मार्क पडल्यावर थेट पुढच्या वर्षात. नुसतं सुटं फाउंडेशन घेतलं तर वर्षाच्या शेवटी पुन्हा दारं ठोठावायची. दुकानं मांडून बसलेले एजंट हा फरक सांगत नाहीत. मागच्या महिन्यात एक जण मला जॉर्जियाच्या कॉलेजाचं पत्रक देऊन गेला, रंगीत, जाड कागदाचं. त्यात फी सोडून सगळं होतं.

आणि "गोव्याच्या मेडिकल कॉलेजात, गोमेकॉत का नाही घालत?" असं विचारणारे आहेतच. नीटला वरची वयोमर्यादा 2022 पासून उठली हे त्यांना माहीत असतं. पण परदेशी पासपोर्ट घेतलेल्या आपल्या लोकांना जे ओसीआय कार्ड मिळतं, ते मार्च 2021 नंतर मिळालेलं असेल तर एनआरआयच्या जागांवरच अर्ज करता येतो, हे माहीत नसतं. मी आता वाद घालत नाही, चहा देतो.

तुझं कौतुक तोंडावर करायला मला जमत नाही. तुझी आई ते करते, रोज, सगळ्यांना फोन करून. पण मी बघत नव्हतो असं समजू नकोस. 2020 मध्ये तू हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंट म्हणून लागलीस तेव्हा पहिल्या आठवड्यात बाथरूममध्ये दार लावून रडत होतीस. मी बाहेर उभा होतो आणि दार वाजवलं नाही. मग जीसीएसईचं, म्हणजे इथल्या दहावीचं, इंग्रजी पुन्हा दिलंस, चारची सहा ग्रेड केलीस. ए-लेव्हल बाहेरून बसलीस, बारा-बारा तासांच्या ड्युट्या करून. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलसाठी वेगळे पैसे भरून परगावी गेलीस आणि चौथ्या दिवशी परत आलीस तेव्हा तुझ्या उजव्या हाताच्या बोटांवर काळे-तपकिरी डाग होते. मी म्हटलं, मतदान करून आलीस की काय? तू म्हणालीस, सिल्व्हर नायट्रेट, आणि मतदानाच्या शाईतही तेच असतं. आठवडाभर ते डाग गेले नाहीत. मी तुझ्या बोटांकडे बघत भाकरी मोडायचो. पासपोर्ट बदलल्यापासून माझ्या बोटाला ती शाई लागलेली नाही, म्हणूनही असेल.

परवा त्या एमएमआयच्या, म्हणजे घड्याळ लावून एकामागून एक घेतात त्या छोट्या मुलाखतींची तालीम करताना मी चिडलेला नातेवाईक झालो होतो. तू घड्याळ लावलंस आणि सांगितलंस, पप्पा, तुझ्या आईचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे ढकललंय असं समज. मी इंग्रजीत दोन वाक्यं ओरडलो, तिसरं सुचेना, मग कोंकणीत सुरू झालो, आणि ओरडता ओरडता मला खरंच राग आला. कुणाचा कुणास ठाऊक. तू मधे बोलली नाहीस. खुर्ची थोडी तिरकी करून माझ्या बाजूला आणलीस, समोर नव्हे. मी थांबल्यावर विचारलंस, "त्या आता कुठे आहेत? त्यांनी काही खाल्लंय का?" ते पुस्तकातलं नव्हतं. मला उत्तर सुचलं नाही आणि तुझी बेल वाजली. मला त्यातलं फार कळत नाही, पण तिथे जे कुणी मार्क देणारे बसतील त्यांनी खुर्चीकडे बघावं.

तर आता त्या ओळीचं. तूच सांगितलंस की यंदापासून एका निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत, सगळी मिळून 4,000 अक्षरं. त्यातली एवढी अक्षरं माझ्यावर घालवू नकोस. तिथे वॉर्डबद्दल लिही. रात्री तीन वाजता घाबरून उठणाऱ्या त्या आजोबांबद्दल लिही, ज्यांना तू कूस बदलून देताना रेडिओचं स्टेशन विचारतेस. शिक्षण का तुटलं ते रेफरन्स देणाऱ्यानं लिहायचं असतं, त्याला वेगळा भाग आहे, असं तुझ्या वॉर्डच्या सिस्टरनी सांगितलं होतं ना? मग त्यांना खरं सांग. वडिलांना कर्जाची धास्ती होती आणि त्यांनी सोडायला लावलं, एवढं पुरे. आईचं आजारपण त्यात नको. तिला कधी कळलं की तिच्या ऑपरेशनच्या नावावर तुझं शिक्षण थांबलं, तर ती मला क्षमा करील, स्वतःला करणार नाही. तुला हे सिस्टरना सांगायचं नसेल तर "घरची अडचण" राहू दे, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण ती अडचण कोण होती, ते तुला माहीत असावं.

मेडिसिनच्या चार जागा भरल्यास, पाचवी रिकामी ठेवू नकोस. पॅरामेडिक की बायोमेडिकल ते तू ठरव. मला पॅरामेडिक बरं वाटतं, पण मी ट्रकवाला, मला गाडी दिसते.

15 ऑक्टोबर, संध्याकाळी सहा. त्या दिवशी मी नाईट बदलून घेतलीय. आदल्या रात्री पाठवलंस तर उत्तमच.

तुझा,
पप्पा

ता. क. माझा आणि आईचा पी-सिक्स्टी, वर्षाच्या पगाराचा कागद, उकड्या तांदळाच्या डब्याखाली ठेवलाय, पाकिटात. माझ्या कागदावर चहाचा डाग आहे, आकडे दिसतात. सुंगटांचं हुमण फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लावून घे.