पावसात उघडी ठेवता येईल अशी खिडकी

महोदय,

विजेची बचत करणारी घरे म्हणून हल्ली कोकणातही घट्ट बंद होणाऱ्या काचेच्या सरकत्या खिडक्या आणि इन्व्हर्टर एसी असलेल्या सदनिका विकल्या जातात. वीज वाचते, हे मी माझ्या बिलावरून सांगू शकतो. मात्र आतली हवा बाहेर कशी जाणार, हा प्रश्न घर घेताना मीही विचारला नव्हता.

रत्नागिरीतील आमच्या सदनिकेत गेल्या आषाढात कपाट पुढे ओढले, तेव्हा मागची भिंत कमरेपर्यंत काळ्या बुरशीने भरलेली होती. पावसामुळे खिडक्या बंद, कपडे खोलीतच दोरीवर आणि रात्री एसी. भिंतीला वारा लागणार कुठून? भाच्याने कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे यंत्र आणून रात्रभर उशाशी ठेवले. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असते. पहाटे आमच्या खोलीत ते 2,300 होते. घरोघरी दिसणारा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच पुन्हा पुन्हा थंड करतो, हे मला तेव्हा कळले. सकाळचे जड डोके मी उगाच वयाच्या खात्यावर टाकत होतो.

यावर कोणी म्हणेल, खिडकी उघडा. पण श्रावणात बाहेरची हवा ओलीच असते, आणि छज्जा नावापुरता असल्याने खिडकी उघडली की झड थेट गादीवर येते. आमच्या गावच्या चिरेबंदी घराला कौलांची उतरती पाखी आणि रुंद पडवी आहे. पागोळ्या गळत असतानाही माजघराची खिडकी उघडी राहते आणि कौलांच्या फटींतून उबारा निघून जातो. (चुलीच्या धुराने आजीचे डोळे मात्र त्याच घरात गेले, त्यामुळे जुने ते सगळे चांगले, असे मी म्हणणार नाही.)

ऊर्जाबचतीचे नियमही घर कोंडून टाका असे सांगत नाहीत. केंद्र सरकारच्या 2018 च्या इको निवास संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी उघडता येणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के, म्हणजे सुमारे एक षष्ठांश, धरले आहे. दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो, हे मोजताना विसरले जाते.

आम्ही आता कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवतो, स्वयंपाक व आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटे एक्झॉस्ट पंखा चालवतो आणि कपडे झोपण्याच्या खोलीत वाळत घालत नाही. स्वयंपाकघरातली चिमणी धूर बाहेर न सोडता गाळून पुन्हा घरातच फेकत होती. तिला नळी बसवून घेतली. बंद न्हाणीघरातील गॅस गिझर तर कोणीही ठेवू नये; त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस शुद्ध हरपेपर्यंत काही कळत नाही.

परंतु छज्जा काही रहिवाशाला मागाहून वाढवता येत नाही. म्हणून स्थानिक नगरपरिषदांनी भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी प्रत्येक झोपण्याच्या खोलीत प्रत्यक्ष उघडणारा भाग किती आणि त्यावरचा छज्जा पावसाची झड अडवण्याइतका रुंद आहे का, हे जागेवर जाऊन तपासावे, अशी विनंती आहे.

— एक सदनिकाधारक, रत्नागिरी