मेकाँगच्या पलीकडून परत

खोन केन, थायलंड
दि. १२ ऑगस्ट २०१८

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

“व्हिसासाठी दुसऱ्या देशात कशाला जावे लागते?” असे तू फोनवर विचारलेस, तेव्हा मी घाईत काहीतरी सांगून मोकळा झालो. परवाच परतलो आहे, तेव्हा आता सविस्तर लिहितो.

मी शाळा बदलली आणि जुन्या शाळेच्या नावावर मिळालेला मुक्कामाचा परवाना त्याबरोबर संपला. नव्या शाळेची कागदपत्रे घेऊन देशाबाहेरच्या थाई वकिलातीत अर्ज करणे भाग होते, आणि आमच्या भागातल्या परदेशी शिक्षकांना त्यासाठी सर्वांत जवळचे गाव म्हणजे लाओसची राजधानी व्हिएन्टियान. मंगळवारी बसने नाँग खाईला पोहोचलो. तिथे पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसला आणि १९९४ साली ऑस्ट्रेलियाच्या मदतीने बांधलेल्या मैत्री पुलावरून पलीकडे नेणाऱ्या बसमध्ये मी चढलो. पूल सव्वा किलोमीटरसुद्धा नाही. खाली पावसाळ्यातली मेकाँग गढूळ, तांबूस आणि दुथडी भरलेली होती, आणि मध्यावर दिव्यांच्या खांबांवरचे थाई झेंडे संपून लाओसचे सुरू झाले. खोलीची किल्ली माझ्या खिशात होती, पण त्या खोलीपर्यंत परत जाण्याचा परवाना त्या क्षणी माझ्याकडे नव्हता, या विचाराने माझ्या पोटात खड्डा पडला. शेजारच्या बाईंच्या मांडीवर चिकट भाताची बांबूची टोपली होती. नदीच्या दोन्ही काठांची बोली जवळजवळ एकच असल्यामुळे त्या माहेरी निघाल्यासारख्या निवांत बसल्या होत्या, आणि मला त्यांचा मनापासून हेवा वाटला. पूल उतरल्यावर बस रस्त्याच्या उजव्या बाजूला गेली, कारण लाओसमध्ये वाहने उजवीकडून चालतात.

बुधवारी सकाळी खिडकीवरच्या बाईंनी शाळेचे पत्र आणि माझा पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून एकेका अंकावर पेनाचे टोक टेकवले आणि शेवटून दुसऱ्या अंकावर त्या थांबल्या. पत्रात ३ च्या जागी ८ पडला होता. अर्ज परत आला. चूक शाळेच्या कार्यालयाची होती, पण न वाचता पत्र पिशवीत घालणारा मीच, म्हणून रागावणार तरी कोणावर? एका थाई सहकारी शिक्षिकेने रजा टाकून गुरुवारी भल्या सकाळी सुधारलेले पत्र पूल ओलांडून आणून दिले. तिचे हे ऋण मी कसे फेडणार, ते मला अजून सुचत नाही. त्याच दिवशी २००० बाट भरून अर्ज दिला आणि शुक्रवारी दुपारी व्हिसा हातात पडला. लाओसच्या व्हिसाला एक आणि थाई व्हिसाला एक अशी दोन पूर्ण पाने या एका फेरीत गेली. आपला पासपोर्ट ३६ पानांचा, त्यामुळे कोरी पाने मी आता जपून मोजतो.

संध्याकाळी नाँग खाईच्या खिडकीवर अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि त्याखाली पेनाने मुदत लिहिली. आलेला दिवस धरून ९० दिवस, म्हणजे ७ नोव्हेंबर. बसमध्ये बसल्यावर दिनदर्शिका पाहिली, तर त्या दिवशी लक्ष्मीपूजन आहे. त्याआधी कामाचा परवाना मिळून इथली मुदत वर्षभराने वाढली, तर पुन्हा आत येण्याची परवानगी काढून चार दिवस घरी येईन. आईला मात्र एवढ्यात काही सांगू नकोस, ती लगेच चकल्यांच्या भाजणीला लागेल.

तुझा,
बाळपणीचा मित्र