चेक शिका, पण मराठीच्या वाटेनं

महोदय,

मी निवृत्त मराठी शिक्षिका. गेली तीन वर्षं मुलीकडे चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात राहते. इथे कायम वास्तव्याचा परवाना हवा असेल तर चेक भाषेची परीक्षा द्यावी लागते. सप्टेंबर २०२१ पासून ती ए-२ पातळीची, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरत्या भाषेची झाली. साठी ओलांडलेल्यांना ती माफ आहे, त्यामुळे माझ्यावर सक्ती नव्हती. पण एकदा नात शाळेतून 'बाबिच्को!' अशी हाक मारत आली आणि मी दारातच थबकले. आजी म्हणजे 'बाबिच्का', मग हाकेत 'बाबिच्को' कसं? संबोधन! आपल्याकडे 'मुलांनो', 'लोकहो' एवढ्यात उरलेलं रूप इथे रोजच्या हाकेत नांदतं आहे.

मी वर्गात नाव घातलं. शिकवणं इंग्रजीतून. पहिल्याच आठवड्यात 'सात विभक्त्या, तीन लिंगं' असा धाक घातला गेला आणि संगणक क्षेत्रातली दोन मराठी मुलं महिन्याभरात गळाली. मला फार वाईट वाटलं. तो दगड, ती वीट, ते घर हे ज्यांना पाळण्यापासून येतं, त्यांनी तीन लिंगांना का भ्यावं? 'घोडा'चं 'घोड्याला' करताना आपण सामान्यरूप करतोच ना? तसंच प्राग म्हणजे 'प्राहा', पण प्रागमध्ये म्हणजे 'व् प्राझे'. 'बित' म्हणजे राहतं घर आणि 'बीत' म्हणजे असणं. आपल्या 'दिन' आणि 'दीन'सारखंच. अवघड भागही आहे, तो लपवत नाही. इथलं चलन 'कोरुना'. दोन, तीन, चार 'कोरुनी', पण पाचापासून पुढे 'कोरुन', म्हणजे चक्क षष्ठीचं अनेकवचन. भाजीबाजारात पैसे मोजताना मी अजून अडखळते.

सगळ्यात आनंद दिला तो 'च'नं. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च आपण वेगळे उच्चारतो, लिहितो मात्र एकाच अक्षरानं. चेकमध्ये 'चाय' म्हणजे चहा आणि 'त्सुक्र' म्हणजे साखर. दोन्हींना मूळ अक्षर एकच, पण चहाच्या अक्षरावर छोटी खूण असते. या खुणांचं श्रेय यान हुस या धर्मसुधारकाला दिलं जातं. सुरुवातीला त्या खुणा टिंबाच्या रूपात होत्या. प्रागच्या बेथलेहेम चॅपेलमध्ये तो लोकांच्या भाषेत, चेकमध्ये प्रवचन करी. १४१५ मध्ये त्याला जिवंत जाळलं.

आपण पुस्तकात ठेवलेले ऋ आणि ऌ मला इथे बोलताना भेटले. बोट म्हणजे 'पृस्त', मान म्हणजे 'कृक'. लांडगा 'वॢक', संस्कृतातला 'वृक'. 'कॢप्ती' या एकाच शब्दासाठी मी वर्षानुवर्षं मुलांना ऌ शिकवत आले, तो इथल्या शाळकरी पोरांच्या तोंडी सहज खेळतो.

ही भाषा राहिली ती आपोआप नाही. १६२० मध्ये प्रागजवळच्या श्वेत पर्वताच्या लढाईत चेक सरदारांचा हॅब्सबर्ग या जर्मनभाषक राजघराण्याकडून पराभव झाला आणि पुढे कचेरीत, उच्च शिक्षणात जर्मनचा वरचष्मा झाला. १८३४ ते १८३९ या काळात योसेफ युंगमान या भाषाभ्यासकाचा पाच खंडांचा चेक-जर्मन कोश निघाला. प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृह १८८१ मध्ये जळालं, तर लोकांनी पुन्हा वर्गणी काढून १८८३ मध्ये ते उभं केलं. रंगमंचाच्या वर 'नारोद सोबे' असं कोरलेलं आहे, 'राष्ट्राकडून स्वतःला'. ते वाचता आलं त्या दिवशी मी खुर्चीत बसून रडले.

गेल्या हिवाळ्यात गुडघा दाखवायला गेले. 'पाने डॉक्टोरे' असं नीट संबोधन लावून दुखणं सांगितलं. तोवर घड्याळाकडे बघणारे डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसले आणि सावकाश, सोप्या चेकमध्ये बोलू लागले. मुलगी दुभाषी म्हणून आली होती, तिला बोलावंच लागलं नाही.

आपल्या दैनिकामार्फत मराठी अभ्यासकांना आणि प्रकाशकांना माझी कळकळीची विनंती आहे: मराठी व्याकरणाच्या आधारे चेक शिकवणारं लहानसं पुस्तक काढा. विभक्ती, लिंग, संबोधन हे शब्द आपल्याकडे तयार आहेत, इंग्रजीचा वळसा कशाला? मी चाळीस धडे वहीत उतरवले आहेत. चेक जाणणाऱ्या कुणी ते तपासून दिले, तर वही विनामूल्य द्यायला तयार आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, ब्रनो