आण्णा, पाठवायच्या आधी तुम्ही बघा

ती. आण्णा,
सा. न.

हे पत्र फॅमिली ग्रुपवर टाकलेलं नाही, फक्त तुम्हाला पाठवतोय, चष्मा लावून निवांत वाचा. आईला आणि आज्जीला वाचून दाखवायचं का ते तुम्ही ठरवा, का म्हणतोय ते पुढं कळेल.

आपल्या गुऱ्हाळाची फिल्म झाली एकदाची. 17 मिनिटं. गेल्या जानेवारीत मी सुट्टीला आलेलो तेव्हा पहाटे 3 ला चुलवाण पेटल्यापासून जे शूट करत बसलो होतो, त्यातनंच. आता इथं बर्लिनमध्ये रोज कामावरनं आलं की जेवण उरकून एडिटला बसायचं असं वर्षभर चाललंय. रविवारी रात्री 12 ला एका ऑनलाइन शोकेसची शेवटची तारीख आहे, म्हणजे तुमच्याकडं सोमवारी पहाटे साडेचार वाजलेले असतील. ते लोक छोट्या फिल्म निवडतात आणि आपल्या साईटवर ठरावीक दिवस लावतात, जगात कुणीही घरी बसून बघू शकतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थिएटरं बंद झाली तेव्हा मोठमोठे फेस्टिव्हल असे ऑनलाइन भरले, तेव्हापासून हे बरंच वाढलं, आणि माझ्यासारख्या ज्याच्या मागं कुणी प्रोड्युसर नाही त्याला हे दार उघडं झालं. फी भरली, फॉर्म भरला, सगळं तयार आहे. फक्त सबमिटचं बटण दाबलेलं नाही.

दोन गोष्टी अडल्यात.

पहिली रेडिओची. तुम्हाला आठवतंय का, गुळवे मामा काहिलीपाशी उभं राहून पाक कधी आला म्हणायचा ते सांगत होते, पाण्यात पाक टाकून त्याची गोळी करून काहिलीच्या काठावर टण्णकन मारून दाखवली त्यांनी, तो सगळ्या फिल्ममधला माझा जीव आहे. आणि मागं खांबाला अडकवलेल्या रेडिओवर जुनं पिक्चरचं गाणं लागलेलं. वाफ, गाणं, मामांचा आवाज, सगळं एका माईकमध्ये एकत्र आलंय. फॉर्ममध्ये लिहून द्यावं लागतं की फिल्ममधल्या सगळ्या संगीताचे हक्क माझ्याकडं आहेत. गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा हक्क आपल्याकडं त्यांच्या मरणानंतर 60 वर्षं राहतो, रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, आणि गाणं मागं बारीक वाजत होतं म्हणून चालेल असं काही नसतं. खोटं लिहून द्यायचं मला जमणार नाही. गाणं पुसायचा प्रयत्न केला तर मामांचा आवाज डब्यातनं आल्यासारखा येतोय. म्हणून मामांना तेवढंच परत बोलायला सांगा, अगदी तेच शब्द नकोत, त्यांना वाटेल तसं बोलू देत. पिंट्याला म्हणावं फोन एरोप्लेन मोडवर टाक, मामांच्या तोंडापासनं वीतभर लांब धर, चुलवाणाचा आवाज आला तर येऊ दे पण मोटर बंद पाहिजे, रेडिओ तर बंदच पाहिजे. आणि फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठव, साधी व्हॉइस नोट नको, त्यात आवाजाचं पार पाणी होतं. कोणी बोलत नसताना नुसत्या गुऱ्हाळाचा आवाजही 2 मिनिटं भरून घ्या, तो मला तुकडे जोडायला लागतो.

गाण्याच्या जागी मी आज्जीची ओवी घातलीय, ती जात्यावरची, जी तिनं चहा पिता पिता सहज म्हटलेली. तिच्या आईनं तिला शिकवलेली ती, कुणाच्या मालकीची नाही. ऐकताना रात्री 1 वाजता मी एकटा रडलो.

सबटायटल मीच केलेत. एका ओळीत 42 अक्षरांच्या आसपास बसवायचं असतं म्हणून कैक वाक्यं कापावी लागली, पण गुळव्या हा शब्द तसाच ठेवला, जॅगरी मेकर लिहिलं तर कंपनीतला कुणीतरी पगारी माणूस वाटत होता.

आता दुसरी गोष्ट, आण्णा. खरं तर हेच लिहायला बसलो होतो.

14 व्या मिनिटाला तुम्ही आहात. हाताला चिकटलेली मळी चिपाडानं पुसताय आणि माझ्याकडं न बघता म्हणताय, "पुढच्या साली पेटवायचं का नाही ते बघू. ऊस कारखान्याला घातलेला बरा, माणसंच मिळंनात." मग तुम्ही गप्प. 11 सेकंद काहीच नाही, फक्त मागं मळी काढणाऱ्या माणसाची पळी काहिलीला लागतेय. मी कॅमेरा बंद केला नाही. तेव्हा तुम्हाला कॅमेरा चालू आहे ते लक्षात होतं का, हे मी त्या दिवशी विचारायला पाहिजे होतं आणि विचारलं नाही, ते वर्षभर मनात टोचतंय. सही घ्यायचा कागद तुम्ही वाचला पण नव्हता, पोराचं काम म्हणून खाली सही ठोकलीत.

आईला हे माहीत नाही ना? आज्जीला तर नक्कीच नाही, आजोबांनी बांधलेलं गुऱ्हाळ ते. कुठल्यातरी परक्या देशात कुणीतरी सोफ्यावर बसून हे ऐकायच्या आधी आईनं ते तुमच्या तोंडून ऐकलं पाहिजे, स्क्रीनवर नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी तो तुकडा काढणार. फिल्मच्या दोन कॉपी केल्यात, एक त्याच्यासकट, एक त्याच्याशिवाय. दोन्हीची लिंक तुम्हाला पाठवतोय, पासवर्ड पिंट्याला फोनवर सांगतो. कृपा करून लिंक पुढं कुणाला पाठवू नका, मामांना सुद्धा नको, त्यांना तुमच्या फोनवर दाखवा. बऱ्याच ठिकाणी आधी सगळीकडं फिरलेली फिल्म घेत नाहीत.

लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याच्या स्तंभापाशी तुम्ही थांबवायचा आणि सांगायचा, बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास कोल्हापुरात स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, विलायतेची वाट बघत बसले नाहीत. इथं परवा एकानं विचारलं तू फिल्मकडं कसा वळलास, तर मी त्याला ते सायकलवरचं सांगितलं. म्हणून तुमच्या परवानगीशिवाय ही फिल्म माझ्याच्यानं पाठवली जाणार नाही.

मामांचं रेकॉर्डिंग शनिवारपर्यंत आलं तर बरं. आणि तुमचं हो किंवा नाही रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा, मेसेज नको, फोनच करा. आईशी बोलून झालं की मग करा. रविवारी मी दिवसभर घरीच आहे, फोन जवळच ठेवतो.

तुमचा,
बंड्या