स्टेंटला विमा, मग व्यायामाला का नाही?

संपादक महोदय,

मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्या रुग्णांना नाडी-रक्तदाब बघत चालायला, जिना चढायला लावणे हे माझे रोजचे काम. बरेच जण महिनाभरात येईनासे होतात. चौकशी केली की उत्तर ठरलेले : ‘मॅडम, ऑपरेशनचे पैसे विम्यातून मिळाले, याचे मिळत नाहीत.’

अलीकडेच एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर असेच थांबले. आता घरीच चालतो म्हणाले. पण किती वेगाने चालायचे, छातीत भरून आले तर काय करायचे, याची त्यांना अजून धास्ती आहे. धास्तीपोटी माणूस खुर्चीतच बसून राहतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्यांच्या घरी जेवणात ठेचा, लोणचे, पापड रोजचे. मीठ-तेल कसे कमी करायचे, हे त्यांच्या पत्नीशी बोलणे नुकते सुरू झाले होते, तेही राहिले.

सगळ्या कंपन्यांत सारख्याच अटींवर मिळणाऱ्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत घरी सोडल्यानंतरचा खर्च ६० दिवसांपर्यंतच धरतात. हृदय पुनर्वसन, म्हणजे देखरेखीखालचा हा व्यायाम आणि आहाराचा सल्ला, साधारण १२ आठवडे चालते, म्हणजे ८४ दिवस. मुदतीतले बिलसुद्धा मंजूर होईलच, असा रुग्णांना भरवसा नसतो.

अमेरिकेत ज्येष्ठांसाठीची सरकारी मेडिकेअर योजना अशा पुनर्वसनाची ३६ सत्रे देते. आहार, व्यायाम आणि ताणनियंत्रण यांवर भर देणाऱ्या डॉ. डीन ऑर्निश यांच्या कार्यक्रमाला तिने २०१० मध्ये मान्यता दिली; त्यात ७२ सत्रांपर्यंत खर्च मिळतो. व्यायामावर आधारित पुनर्वसनाने पुन्हा झटका येण्याचे आणि पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण घटते, हे वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या ८५ चाचण्यांच्या २०२१ च्या आढाव्यात दिसले आहे. दुसऱ्यांदा दाखल झालेल्या रुग्णाचे बिल शेवटी विमा कंपनीच भरते ना?

आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरील सरकारी नियामकाने, अँजिओप्लास्टी व बायपासच्या दाव्यातच १२ आठवड्यांचा देखरेखीखालील व्यायाम आणि आहारतज्ज्ञांचा सल्ला समाविष्ट करावा, ही माझी कळकळीची मागणी आहे. खोट्या बिलांची भीती असेल तर हजेरी आणि सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीच्या नोंदी मागाव्यात. आम्ही त्या ठेवतोच. आणि दहिवडी-म्हसवडकडच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा साताऱ्याला येणे जमत नाही, त्यांची काही सत्रे व्हिडिओ कॉलवर झाली तरी ती ग्राह्य धरावीत.

– एक फिजिओथेरपिस्ट, सातारा