माकडांची वेल झुलायला हवी

मा. संपादक,
स. न.

गणेशोत्सवाचे देखावे करण्यात माझी 30 वर्षं गेली. अरण्याचा देखावा असला की वेलींचं काम माझ्याकडे येई. सुतळीवर कागदाचा लगदा आणि वर रंग. दहा दिवस टिकली की वेलीचं काम झालं. त्यामुळे प्राण्यांसाठी कृत्रिम वेली करणं म्हणजे तेच काम जरा मजबूत करणं, असं मलाही वाटायचं.

मे महिन्यात नातीला घेऊन पुण्याबाहेरच्या एका प्राणिसंग्रहालयात गेलो. माकडांच्या आवारात फायबरच्या वेली होत्या. सालीच्या भेगा, शेवाळाचा हिरवा, सगळं जीव ओतून केलेलं. पण आत सळई असल्याने वेल जागची हलत नव्हती. माकडं त्यावर चढायची, क्षणभर बसायची आणि उतरायची. शेजारी एक जुना, तळाशी पिंजलेला दोर लोंबत होता आणि सगळी पिल्लं त्यालाच लटकली होती. एकाच्या बोटाला त्याचे धागे गुंडाळले गेले. आई ते दातांनी सोडवत होती. नात माझा हात घट्ट धरून उभी होती.

सह्याद्रीतली गारंबीची वेल मांडीइतकी जाड होते, पीळ घेत झाडावरून झाडावर जाते आणि तरीही भाराखाली डोलते. वडाच्या पारंब्यांचंही तसंच. पुढची पकड किती वाकेल याचा अंदाज घेणं, तोल सावरणं हा माकडाच्या अंगाचा आणि डोक्याचा रोजचा व्यायाम आहे. ताठ वेल तोच काढून घेते.

घरी आल्यावर मी एक नमुना करायला घेतला. दोर बोहरी आळीतून आणला. काथ्याचा पुण्याच्या पावसात कुजतो, पॉलिप्रॉपिलीनचा उन्हाने ठिसूळ होतो, नायलॉनचा भिजला की ताणतो. म्हणून पॉलिएस्टरचा घेतला, तोही गुंफलेला, कारण पिळाचा दोर भार आला की उलगडत फिरतो. त्यावर रबरासारख्या लवचीक पॉलियुरेथेनचे पातळ थर दिले. जूनच्या सुरुवातीला परसातल्या आंब्याला ती वेल टांगली आणि वाळूचं पोतं बांधून रोज झोके दिले.

ऑक्टोबरात वेल उभी चिरली. मधल्या भागातला दोर कोरा होता. वेल ज्या कडीला टांगली होती तिच्याखाली चार बोटांवर मात्र लेपाला केसाएवढी भेग पडली होती. तिच्यातून पाण्याबरोबर माती शिरली होती आणि तिच्या कणांनी आतले धागे घासून तुटले होते. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं! वर ताठ कडी, खाली मऊ वेल, म्हणून सगळा वाक त्या चार बोटांत येतो. आता मी दोराच्या वरच्या फासात धातूची थिंबल (दोर कडीवर घासू नये म्हणून फासाच्या आत बसणारी खाचेची पट्टी) घालतो, वर फिरती कडी लावतो आणि लेप वीतभर खालून सुरू करतो. त्या उघड्या विताला सरकती स्टीलची नळी. ती वर सरकवली की दोर डोळ्यांना दिसतो.

15-18 किलोचा वानर-नर उडी मारून लटकला की कडीवर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो. कडी आणि तुळई उडी बघून निवडावी, वजन बघून नव्हे.

निविदेत ‘नैसर्गिक भासणारी, टिकाऊ वेल’ एवढंच लिहिलं की सळईचीच वेल येणार. वेल झुलली पाहिजे, मान अडकेल असा फास कुठेही नको, सुटे धागे नकोत, लेप पूर्ण वाळल्याशिवाय टांगायची नाही (माकडं ती चावणारच), दरमहा नळी सरकवून पाहणी आणि दोर बदलण्याची ठरलेली तारीख, हे सगळं त्यात यायला हवं. पैसे नसतील तर अग्निशमन दलाचे बाद झालेले होज वापरावेत. परदेशातली कित्येक प्राणिसंग्रहालयं त्यांचे झोके आणि झोळ्या करतात. 1992 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने अशा वेलींचा नमुना-तपशील देशभरासाठी काढावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

चिरलेला तो तुकडा मी जपून ठेवला आहे. कोणत्याही प्राणिसंग्रहालयाच्या अभियंत्याला तो दाखवायला मी स्वखर्चाने जाईन.

आपला,
एक देखावा कारागीर, कसबा पेठ, पुणे